ताईच्या बाजूची बॉर्डर

"बॉर्डर म्हणजे काय, हे मला या गावात कुणी शिकवायचं नाही!" सर गरजले.

समोर फक्त त्यांची बायको होती आणि ती मटार सोलत होती. शिकवायचा विचारही तिच्या मनात नव्हता. ती एवढंच म्हणाली होती, की जुना फोटो आहे, फ्रेमवाल्याकडे द्या, तो कडा सारख्या करून नीट बसवून देईल.

"फ्रेमवाला? त्याला बॉर्डर आणि एज यांतला फरक तरी माहीत आहे का?"

"कापायला फरक कशाला माहीत हवा? हात सरळ चालला म्हणजे झालं."

"इथेच तुझं चुकतं!" सर म्हणाले, आणि बायकोने मटारच्या शेंगा पुढे ओढल्या. 'इथेच तुझं चुकतं' म्हटल्यावर पुढे किती वेळ बसावं लागतं, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

ही गोष्ट फोन वायरने तिपाईला बांधलेले असायचे तेव्हाची. खिशातून फोन काढून फोटोचाच फोटो घ्यावा, अशी सोय नव्हती. जुना फोटो म्हणजे जगात तो एकच. तो गेला की गेला! एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे सरांच्या तोंडचं पाणी का पळालं ते समजेल.

सरांनी उभी हयात शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि त्यांचा कडांचा तास प्रसिद्ध होता. "टेबलाला असते ती एज," सर सुरू करत. "कपाला रिम. झग्याला हेम. वहीला मार्जिन. दरीपाशी गेलात तर ब्रिंक, तिथून आधी मागे या! पण बॉर्डर? बॉर्डर आपोआप होत नाही, बाळांनो. ती कुणीतरी मुद्दाम ठेवतो. रुमालाला ठेवतो, फुलांच्या वाफ्याला ठेवतो, दोन देशांच्या मधे ठेवतो. आणि आपण? आपण नदीला काठ म्हणतो, कापडाला किनार, पलंगाला कड, डोंगराला कडा, सुरीला धार. इतके सुंदर शब्द घरात असताना निकालाच्या दिवशी काय म्हणतो? सर, मी बॉर्डरवर पास झालो!"

वर्ग हसायचा. दर वर्षी याच जागी हसायचा. खरोखर बॉर्डरवर असलेली मागच्या बाकावरची मुलं तर जास्तच हसायची. अजूनही रस्त्यात एखादा टक्कल पडलेला विद्यार्थी सायकलवरून जाता जाता ओरडे, "सर, ब्रिंक! मागे या!" सरांना त्या दिवशी दोन घास जास्त जात.

दुसरी प्रसिद्ध गोष्ट म्हणजे त्यांचा समास. कुणाच्या वहीला मार्जिन नसलं की सर स्वतः त्याच्या बाकाशी जात, पानाच्या डाव्या कडेवर आपली लाकडी पट्टी ठेवत आणि पट्टीच्या उजव्या बाजूने वरून खाली एक रेघ ओढत. सर्रर्र! बघायचीसुद्धा गरज नसे. ती रेघ त्यांच्या हातात इतकी मुरली होती, की झोपेतून उठवून पट्टी दिली असती तरी त्यांनी उशीवर समास आखला असता. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल दिली, घड्याळ दिलं. सरांनी मागून घेतली ती पट्टी.

त्या पट्टीने जन्मभर जेवढ्या रेघा ओढल्या तेवढीच टेबलंही आपटली होती, आणि बाकीचा वेळ ती खिडकीत उन्हात पडलेली असे. तिची एक बाजू चांगलीच वाकली होती. पण आपली पट्टी वाकडी असेल, हा विचार सरांच्या मनाला शिवणं शक्य नव्हतं. पट्टीशी जे जुळत नाही ते वाकडं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आता फोटोचं सांगतो.

फोटो माळ्यावरच्या ट्रंकेत, एका जुन्या ब्लँकेटच्या घडीत सापडला. जाड पुठ्ठ्याचा, काळापांढरा, आणि भोवती पांढरीशुभ्र नसली तरी एके काळी पांढरी असलेली बॉर्डर. तेव्हाच्या फोटोंना ती असायचीच. फोटो हातात धरायचा तो बॉर्डरला धरायचा, माणसांच्या तोंडावर बोटं लावायची नाहीत, असा सगळ्या घरांतून नियम असे. सरांनी फोटो तसाच धरला आणि ट्रंकेच्या झाकणावरच बसले. घरापुढचं अंगण. मधे खुर्च्यांवर आई-बाबा, बाबांचा चेहरा आता कुणीतरी बिल मागणार असल्यासारखा. उजव्या टोकाला काका आणि त्यांच्या कडेला काकू, दोन माणसांची जागा व्यापून. डाव्या बाजूला स्टुलावर पाच वर्षांचे सर, ओठ बाहेर काढून. त्यांच्या खांद्यावर एक हात. आणि त्यांच्या मागे, अगदी कडेला, दोन वेण्या आणि रिबिनी लावून उभी असलेली ताई.

ताईला बघून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी ब्लँकेटला पुसलं आणि वर शिंकले.

ताई सरांहून सात वर्षांनी मोठी. आई सदा आजारी, त्यामुळे सरांना न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, त्यांनी हरवलेली टोपी शोधणं, हे सगळं ताईने केलं. घरात माणसं पुष्कळ आणि फोटो काढायची हौसही पुष्कळ, पण फोटोच्या वेळी पोरांना आवरायचं काम ताईकडे असे, म्हणून ती नेहमी कडेला. आणि कडेला उभं राहणाऱ्याचं काय होतं ते फोटोवाल्यांना विचारा! एका फोटोत तिचा अर्धा चेहरा होता, एकात नुसती वेणी, मामाच्या लग्नातल्या फोटोत कोपर. "आपल्या घरात मी कोपरापुरती आहे," असं ती हसत म्हणायची. पण ते नुसतं हसणं नव्हतं, हे सरांना बऱ्याच उशिरा कळलं होतं.

येत्या रविवारी ताईला सत्तर पूर्ण होणार होती. ती सरांकडे राहायला येणार होती. ट्रंक उघडली त्याच संध्याकाळी सरांनी तिला फोन लावला.

"ताई, सांग काय सापडलं!"

"माझे दात?"

"फोटो! अंगणातला!"

ताई हळूच म्हणाली, "तो आहे अजून? छोट्या, त्या एका फोटोत मी आहे रे. नीट आहे. एकदा बघायचाय मला."

झालं! सरांनी ठरवलं. हा फोटो चौकटीत बसवायचा, ताईच्या हातात द्यायचा, आणि म्हणायचं, घे, कोपरापुरती नाहीस तू. सगळ्या घरादारात मिळून ताई पुरती दिसते असा हा एकच फोटो. तिला आयुष्यभर कुणी मधे उभं केलं नव्हतं, निदान कडेला तरी ती अख्खी आहे हे तिला दिसायला हवं होतं.

फक्त एक बारीकशी अडचण होती. बॉर्डर चारी बाजूंनी सारखी नव्हती. फोटोवाल्याने कापतानाच गडबड केली होती आणि ताईच्या बाजूची बॉर्डर दुसरीपेक्षा बोटभर रुंद राहिली होती. कुणाला दिसलीही नसती. पण ज्याने जन्मभर समास तपासले त्याला दिसणारच!

"मी कापतो," सर म्हणाले.

"तुम्हाला नखं सरळ कापता येत नाहीत," बायको म्हणाली. "कडेला इंग्रजीत सतरा शब्द येतात, पण परवा वर्तमानपत्र दुमडलंत ते होडी झालं."

"नखाला एज नसते!" सर म्हणाले. याचा अर्थ काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी दुपारी बायको पुस्तकं बदलायला वाचनालयात गेली आणि सरांनी दाराला कडी घातली. जेवणाचं टेबल पुसलं. फोटो ठेवला. पट्टी ठेवली. दाढीचं कोरं पातं काढलं. बाह्या सारल्या. ताईच्या बाजूची जास्तीची बॉर्डर, तेवढी एक कातळी काढायची! दोन मिनिटांचं काम!

पहिला काप घेतला. पांढरी कातळी निघाली. फोटो दूर धरून पाहिला, तर कड मधे पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली.

"फोटो दमट आहे," सर स्वतःशी म्हणाले.

पट्टी उलटी करून पुन्हा कापलं. आता पोट आत गेलं. ते बाहेर काढायला तिसऱ्यांदा. तोवर ताईच्या बाजूची बॉर्डर काकूंच्या बाजूपेक्षा अरुंद झाली होती. मग काकूंची बाजू घेतली. तिचं पोट सुटलं. तिलाही पुन्हा कापावं लागलं. मग दोन्ही बाजू बऱ्या दिसायला लागल्या, तर खालची बॉर्डर फारच मोठी वाटू लागली, जणू सगळं घर दलदलीच्या वर उभं आहे. खालून कापलं. बाबांचे बूट गेले.

"बूट काय, पुन्हा येतात," सर म्हणाले. घाम पुसला.

काकूंच्या बाजूला अजून एक तिरकी रेघ दिसत होती. ती काढता काढता काकू अर्ध्या झाल्या. सरांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःची समजूत घातली, की काकू मुळात दोघींएवढ्या होत्या, म्हणजे आता एक शिल्लक आहे. माणूस एकदा कापायला लागला की त्याची बुद्धी कुठे जाते कोण जाणे. सात कातळ्या टेबलावर पडल्या होत्या, फोटो सारखा लहान होत होता, आणि सरांना वाटत होतं की आता एकच बारीक काप, ताईच्या बाजूचा, की झालं!

त्या बाजूला आता बॉर्डर दोऱ्याएवढी राहिली होती. तेवढा दोरा काढायचा होता. सरांनी पट्टी फोटोच्या डाव्या कडेवर ठेवली, दोरा तेवढा पट्टीच्या डावीकडे बाहेर. पातं धरलं. श्वास रोखला. आणि त्यांच्या हाताने, ज्याला कुणीही काही विचारलं नव्हतं, उभ्या हयातीत जे केलं तेच केलं. पट्टीच्या उजव्या बाजूने, वरून खाली.

सर्रर्र!

काप असा सरळ आला की काय सांगू! पट्टीची ती बाजू कधीच वाकली नव्हती. सरांनी आयुष्यात इतकं सरळ काही कापलं नव्हतं. "व्वा!" ते म्हणाले, आणि त्यांनी पट्टी उचलली.

पट्टीखाली ताई होती. अख्खी. दोन वेण्या, रिबिनी, झगा, सगळी. फोटोत मात्र ती नव्हती.

सरांनी पट्टी परत ठेवली. परत उचलली. काही फरक पडला नाही. आणि मग त्याहून वाईट गोष्ट त्यांच्या लक्षात आली. फोटोतल्या पाच वर्षांच्या सरांच्या खांद्यावर तो हात तसाच होता. मनगटापर्यंत. मनगटाच्या पुढे टेबल!

दारावर थाप पडली. "अहो! दिवसाढवळ्या कडी कशाला?"

सरांनी ताईला खिशात घातलं आणि दार उघडलं. बायकोने टेबलाकडे पाहिलं, कातळ्यांकडे पाहिलं, फोटो उचलला, बॉर्डरला धरायला गेली तर बॉर्डर नव्हती.

"अगं बाई! हा हात कुणाचा?"

"ताईचा," सर खालच्या आवाजात म्हणाले.

"आणि वन्सं कुठे आहेत?"

सरांनी खिशात हात घातला आणि ताईला टेबलावर ठेवलं. बायको मटकन खुर्चीत बसली. तिला ओरडायचं होतं, पण सरांचा चेहरा बघून ती ओरडली नाही. निकालाच्या दिवशी मुलं सरांपुढे जसा चेहरा घेऊन उभी राहायची, तसा चेहरा त्यांचा झाला होता.

"एकच फोटो होता गं तिचा," सर म्हणाले. "एकच. आणि मी तिला कापली."

"रडू नका. आधी स्टुडिओत जाऊन बघू."

स्टुडिओवाला फोटो फिरवून फिरवून बघत राहिला. मूळच्या काचा, म्हणजे निगेटिव्ह? त्या त्याच्या आजोबांच्या काळातच कुणीतरी धुऊन खिडक्यांना लावल्या होत्या. चिकटवून द्यायचं म्हणाल तर जोड दिसणारच.

"पण एक करता येईल," तो उत्साहाने म्हणाला. "इथे कडेला उंच फुलदाणी रंगवून देतो. हात फुलांत जाईल. कुणाला कळणारही नाही!"

"माझ्या बहिणीच्या जागी फुलदाणी?" सर इतक्या मोठ्याने म्हणाले की पासपोर्टच्या फोटोला बसलेला माणूस उठून उभा राहिला.

"फुलदाणी नको तर खांब काढतो. खांबाला पैसे कमी."

बायकोने सरांना दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी आल्यावर तिने पिठाची खळ शिजवली. सरांना पात्यापासून लांब बसवलं आणि ताईला जागेवर ठेवून पाहिलं. जोड तर दिसत होताच, पण आणखी एक विचित्र गोष्ट होत होती. खांद्यावरचा हात आणि ताईचा दंड काही केल्या जुळत नव्हते! ताईचा दंड वरून येत होता आणि हात खालून आल्यासारखा दिसत होता. वर सरकवा, खाली सरकवा, मनगट एकीकडे आणि कोपर दुसरीकडे.

"तुम्ही मधे काहीतरी गाळलंत," बायको म्हणाली.

"मी काहीही गाळलेलं नाही! सरळ कापलंय!"

"मग हात कुठून आला?"

शेवटी बायकोनेच तोड काढली. ताईला जरा आत सरकवायचं, म्हणजे झग्याची कड हातावर येईल आणि हात झाकला जाईल. जोडही सरांच्या स्टुलाच्या कडेशी मिसळून जाईल. हात गेला तर गेला, वन्सं तर येतील! सरांना पटलं. ताईचा चेहरा महत्त्वाचा. हात काय, कुणाचेही सारखेच. त्यांनी स्वतःच्या बोटाने, श्वास रोखून, ताईला आपल्या मागे उभं केलं आणि वर शब्दकोश ठेवला. तो पुरेसा जड होता.

शनिवारी संध्याकाळी शब्दकोश उचलला. ताई उभी होती! जराशी फुगलेली, जराशी पुढे आलेली, पण अख्खी होती. फ्रेममध्ये घातल्यावर लांबून तर कळतही नव्हतं. सर त्या फ्रेमपुढून दिवाणखान्यात येरझारा घालत होते आणि प्रत्येक वेळी लांबून बघत होते.

रविवारी सकाळी ताई आली. आल्या आल्या तिने पिशवी ठेवली, सरांच्या पाठीत धपाटा घातला, "वाळलास रे छोट्या" म्हणाली आणि वहिनीच्या गळ्यात पडली. चहा झाला. सरांना चहा गोड की कडू ते कळलं नाही. मग त्यांनी फ्रेम आणली. ताईसाठी जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना. नुसतीच फ्रेम पुढे केली.

ताईने चष्मा लावला. फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ पाहत राहिली. आई-बाबांवरून बोट फिरवलं. "बाबांचे बूट?" ती पुटपुटली, पण थांबली नाही. बोट डावीकडे गेलं, स्टुलापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. तिचे डोळे भरून आले. सरांचेही आले. बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती. गड जिंकला, असं सरांना वाटलं.

"छोट्या," ताई म्हणाली, "मी कुठे आहे रे?"

"कुठे म्हणजे? ही काय! दोन वेण्या!"

ताईने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "ही?"

"हो!"

"ही मी?" ताईचा आवाज चढला. "अरे ही समोरच्या डॉक्टरांची पोर! इतकी वर्षं तू हिला ताई समजत होतास?"

सरांचं तोंड उघडं राहिलं. घरात दोन वेण्यांची एकच मुलगी होती, म्हणून दोन वेण्या म्हणजे ताई! ना कुणी कधी विचारलं, ना कुणी कधी सांगितलं.

"फोटो आहे कळल्यावर रिबिनी बांधून आली आणि आपणहून कडेला उभी राहिली," ताई सांगू लागली. "डॉक्टर आईला औषध देत होते, तिला जा कोण म्हणणार? मी सकाळपासून वेण्या घालून तयार. झगा नवा, माझ्या हाताने शिवलेला. आणि तू! तू स्टुलावर बसेनास. तीनदा पळालास, एकदा तर फोटोवाल्याच्या काळ्या कापडात जाऊन शिरलास. शेवटी तो म्हणाला, मुली, तू हिच्या झग्याआड खाली बस, फोटोत दिसू नकोस, आणि तिथून हात घालून याला दाबून धर. तुझा दुसरा काढतो मग. मी नव्या झग्यानिशी मातीत बसले. आणि मग त्याच्या काचा संपल्या."

"म्हणजे तो हात..." बायको दारातून म्हणाली.

"माझा! तेवढीच तर आहे मी त्या फोटोत. पण नीट आहे, पाची बोटं आहेत. बाकी फोटोंत कोपर नाहीतर अर्धं नाक, ते काय मी मुद्दाम दिलं होतं? हा हात मी मुद्दाम दिला होता. तोच बघायचा होता मला." ताईने फ्रेम खिडकीकडे धरली. "कुठे गेला रे? इथेच होता, तुझ्या खांद्यावर."

सर उठले. त्यांनी फ्रेम उलटी केली, मागचे खिळे सोडवले, फोटो बाहेर काढला आणि ताईपुढे ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं. बॉर्डर, पट्टी, पातं, पोट, बाबांचे बूट, फुलदाणी, खळ. काही लपवलं नाही. बोलताना ते उभे होते, हात मागे बांधून.

ताईने फोटो उचलला. "वहिनी," ती म्हणाली, "चहाचं आधण ठेवा पुन्हा."

आधणाला वाफ आली तशी ताईने फोटो तिच्यावर धरला. खळ सुटायला लागली. डॉक्टरांची मुलगी आधी एका रिबिनीने सुटली, मग दुसऱ्या, आणि मग गोल गोल वळत अलगद बाजूला आली. तिच्याखाली, खळीने जरा पिवळा पडलेला, तो हात होता. लहान मुलीचा. बोटं अशी घट्ट रुतलेली, की सदऱ्याला खांद्याशी चुण्या पडल्या होत्या. आता तिथे दुसरं कुणीच नव्हतं. कडेबाहेरून नुसता हात आला होता आणि त्याने पाच वर्षांच्या सरांना जागेवर बसवून ठेवलं होतं.

सर बघत राहिले. इतकी वर्षं तो फोटो त्यांनी पाहिला होता आणि हा हात पाहिलाच नव्हता. ते रडायला लागले, आणि या वेळी शिंकलेही नाहीत.

"बघ कसं धरलंय तुला," ताई म्हणाली. "सोडलं असतं तर गेला होतास!"

"ताई, मी फोटोची वाट लावली."

"वाट? अरे, बरं झालं कापलीस तिला! साठ वर्षं माझा हात तिच्या नावावर होता. बघेल तो म्हणायचा, किती गोड आहे, कशी भावाला धरून उभी आहे! आता कुणी काही म्हणू दे. हात आहे आणि हाताला दुसरं कुणी नाही." तिने डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला आणि फोटो जवळ घेऊन उजव्या टोकाकडे निरखून पाहिलं. "छोट्या, या काकू का?"

"हो. निम्म्या."

"निम्म्याने काय होतंय? कायम आईला टोचून बोलायच्या." ताईने आवाज खाली आणला. "आता हात बसलाच आहे तुझा, तर यांचंही बघ ना जरा. पूर्णच काढ."

बायकोने टेबलावरची पट्टी उचलून आधीच पाठीमागे धरली होती. पण त्याची काही गरज नव्हती. सरांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, एकही इंग्रजी शब्द न घालता म्हणाले,

"मला कापता येत नाही, ताई."